बोलिव्हियाचा समुद्र आणि बोलिव्हियाची खाण

उपवासाच्या खिचडीत आपण मूठभर दाण्याचं कूट घालतो, त्या भुईमुगाचं माहेर दक्षिण अमेरिकेत आहे. आजचा भुईमूग हजारो वर्षांपूर्वी दोन रानटी जातींच्या संकरातून तयार झाला. त्यातली एक जात संशोधकांना मिळाली ती बोलिव्हियाच्या दक्षिणेला, अँडीज पर्वत उतरून सपाटीला लागतो त्या पायथ्याशी. खिचडीतला बटाटाही त्याच बाजूचा, पेरू आणि बोलिव्हियाच्या मधल्या तितिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारावरचा. ही पिकं स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून जगभर गेली आणि आपल्या घरात अशी रुळली, की ती परमुलखातली आहेत हे सांगूनही पटत नाही. ज्या मुलखाने आपल्या ताटात इतकं वाढलं, त्याच्याबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. क्रांतिकारक चे गेव्हारा १९६७ मध्ये तिथे मारला गेला, एवढंच बहुतेकांच्या कानावर असतं.

बोलिव्हियाबद्दल दुसरी एक गोष्ट शाळेच्या भूगोलात भेटते: हा चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश आहे. पाच शेजारी, ब्राझील, पेरू, चिली, अर्जेंटिना, पॅराग्वे, आणि समुद्र कुठेच नाही. मग आपण मनाशी हिशोब मांडतो की समुद्र नाही म्हणून बंदर नाही, बंदर नाही म्हणून व्यापार नाही, म्हणून गरिबी. खुद्द बोलिव्हियातही पिढ्यानपिढ्या हेच शिकवलं गेलं. मला हा हिशोब अर्धाच वाटतो. समुद्र गेला ही मोठी जखम आहेच, पण त्या देशाच्या गरिबीचं मूळ समुद्रात कमी आणि खाणीत जास्त आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पट. लोकसंख्या २०२४ च्या जनगणनेनुसार १ कोटी १३ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईहूनही कमी. देशाचे सरळ दोन भाग पडतात. पश्चिमेला अँडीजच्या दोन रांगांमधलं उघडंबोडकं, गारठलेलं पठार. सरकार जिथून चालतं ते ला पास शहर समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी वर उरेल इतकं. घटनेनुसार राजधानी मात्र सुक्रे. पूर्वेला दुसरंच जग: सखल, उष्ण, जंगलाचं आणि सोयाबीनच्या शेतांचं, सांता क्रुझ शहराभोवतीचं. डोंगरवाले आणि मैदानवाले यांचं आपसात फारसं पटत नाही, आणि देशाच्या राजकारणातली निम्मी भांडणं याच फटीतून निघतात.

पठारावर जगणं किती कष्टाचं आहे हे चुन्यो पाहिलं की कळतं. जूनमध्ये तिथे कडाक्याचा हिवाळा असतो. संध्याकाळी बटाटे उघड्या माळावर पसरतात, रात्रीत ते दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हाने मऊ पडतात. काही रात्री असं झालं की घरातली माणसं त्या ढिगावर अनवाणी उभी राहून बटाटे तुडवतात. सालं सुटतात, पाणी निथळून जातं. मग पुन्हा ऊन, पुन्हा गारठा. शेवटी हाती येतो तो सुपारीसारखा कडक, काळपट, हलका तुकडा, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपण उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस वाळवतो, त्याचाच हा लांबचा भाऊ म्हणायचा. सूर्यावर आणि थंडीवर चालणारं हे कोठार होतं म्हणूनच त्या पठारावर राज्यं उभी राहिली, शेवटी इंकांचंही. स्पॅनिश आले तेव्हा त्यांनी हेच कोठार खाणीतल्या मजुरांच्या पोटासाठी वापरलं.

ती खाण म्हणजे पोतोसी. १५४५ मध्ये तिथल्या एका शंकूसारख्या डोंगरात चांदीच्या शिरा सापडल्या. स्पॅनिशांनी त्या डोंगराला नाव दिलं सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. त्याच्या पायथ्याशी, ४,००० मीटरहून उंचावर, जिथे धड गवत उगवत नाही तिथे शहर वसलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची वस्ती दीड लाखाच्या वर गेली. युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीची. स्पॅनिश भाषेत आजही एखादी गोष्ट फार मोलाची असेल तर तिची किंमत ‘एक पोतोसी’ आहे असं म्हणतात.

सुरुवातीची, वरवरची शुद्ध चांदी लवकर संपली. मग राहिला तो हलक्या प्रतीचा खडक. तो दळून, त्यात मीठ आणि पारा कालवून, पाऱ्याने धरलेली चांदी तापवून वेगळी काढायची युक्ती आली. पारा पेरूमधल्या वान्कावेलिकाच्या खाणीतून यायचा. आता प्रश्न होता माणसांचा, कारण त्या अंधारात, त्या धुळीत आणि पाऱ्याच्या वाफेत आपखुशीने पुरेशी माणसं उतरणार नव्हती. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने इंकांच्या जुन्या वेठबिगारीची पद्धत उचलली आणि तिला कायद्याचं रूप दिलं. तिचं नाव मिता. पठारावरच्या सोळा प्रांतांनी दर सात पुरुषांमागे एक या हिशोबाने दरवर्षी माणसं पाठवायची, सगळी मिळून सुमारे साडेतेरा हजार. कुस्कोच्या बाजूने येणारी माणसं बायकापोरांसह, लामांवर चुन्यो लादून, दोन-दोन महिने चालत यायची. कित्येक जण परत गेलेच नाहीत. काही मेले, काही मिता चुकवायला गाव सोडून परागंदा झाले. माणसं कमी झाली तरी गावावरचा आकडा लवकर कमी व्हायचा नाही, मग राहिलेल्यांच्या वाट्याला पाळी लवकर लवकर यायची. ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १८१२ साल उजाडलं.

या चांदीची नाणी पोतोसीच्याच टाकसाळीत पडत. पुढच्या काळातल्या नाण्यांवर शहराच्या नावातली अक्षरं एकमेकांवर चढवून केलेली एक छोटी खूण असे, आणि ती खूण पाहून जगभरचे सराफ नाणं ओळखत. युरोपीय व्यापाऱ्यांना आपल्याकडून मिरी, कापड, नीळ हवी होती आणि बदल्यात द्यायला चांदीशिवाय फारसं काही नव्हतं. म्हणून अमेरिकेतली चांदी गोव्यात आणि सुरतेत उतरायची. मोगलांच्या राज्यात परकी नाणी चालत नसत, म्हणून सुरतेच्या टाकसाळीत ती वितळवून रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये सुरत लुटली तेव्हा तिथल्या सावकारांच्या पेट्यांमधली काही चांदी मुळात सेरो रिकोच्या पोटातून आलेली असणं अगदी शक्य आहे. इतिहासाचे धागे असे जुळतात तेव्हा मला त्या डोंगराच्या आतल्या माणसाची आठवण होते. त्याला सुरत ठाऊक नव्हती आणि मावळ्याला पोतोसी.

एवढी चांदी निघाली, मग ती तिथे मुरली का नाही? कारण खाणीच्या गावात खाणीशिवाय काहीच नव्हतं. खेचरं अर्जेंटिनाच्या बाजूने यायची, कापड कीतो आणि कुस्कोहून, दारू किनाऱ्याकडच्या मळ्यांतून, पारा पेरूहून. गावात येणारा पैसा त्याच वाटेने बाहेर जायचा आणि दुसरीकडचे मळे, पेठा, गिरण्या उभ्या करायचा. राजाचा पाचवा हिस्सा स्पेनला, आणि स्पेनकडून त्याच्या युद्धांच्या सावकारांना. डोंगरापाशी उरला तो दगडाचा चुरा आणि खोकला. हा साचा नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची साडेतीनशे वर्षं धातू बदलत गेला, साचा तोच राहिला.

६ ऑगस्ट १८२५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी सिमोन बोलिव्हार याचं नाव त्याने घेतलं. त्याआधी सोळा वर्षं लढाई चालली होती. खाणींत पाणी भरलं होतं, भांडवल पळालं होतं. नव्या प्रजासत्ताकाची तिजोरी मग कशावर चालली? आदिवासींवरच्या डोईपट्टीवर. राजाच्या काळातला हा कर वर्षभरात नाव बदलून परत आला आणि पुढची कित्येक दशकं सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग त्यातूनच येत राहिला. स्वातंत्र्य आलं, पण आयमारा आणि केचुआ बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात ते वसुलीचा कागद घेऊनच आलं.

आता समुद्राकडे येऊ. बोलिव्हियाला तेव्हा किनारा होता, सुमारे ४०० किलोमीटरचा, अताकामाच्या वाळवंटातला. कोबिहा नावाचं बंदरही होतं. पण ला पासहून कोबिहाला जायचं तर जगातलं सर्वांत कोरडं वाळवंट ओलांडावं लागे. म्हणून देशाचा बहुतेक माल पेरूच्या अरीका बंदरातून जायचा, कारण ते ला पासला जवळ. म्हणजे स्वतःचा किनारा हाती असतानाही व्यापार शेजाऱ्याच्याच दारातून चालत होता. किनाऱ्यावर बोलिव्हियाची माणसंही थोडीच होती.

मग त्या वाळवंटाला अचानक भाव आला. आधी पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, ग्वानो. मग सोरा. सोरा शेतात घातला तर खत, कारखान्यात नेला तर स्फोटकांचा कच्चा माल. युरोपला दोन्ही हवं होतं. सोरा खणायला आले ते चिलीचे मजूर, आणि पैसा लावला चिलीच्या आणि ब्रिटिश भांडवलदारांनी. आंतोफागास्ता हे बोलिव्हियाचं शहर, पण तिथे राहणारे बहुसंख्य चिलीचे. १८७४ मध्ये दोन्ही देशांनी करार केला: चिलीच्या कंपन्यांवर बोलिव्हिया पंचवीस वर्षं नवा कर लावणार नाही. १८७७ मध्ये किनाऱ्याला मोठा भूकंप झाला, पाठोपाठ पठारावर दुष्काळ पडला, तिजोरी रिकामी झाली. १८७८ मध्ये बोलिव्हियाने सोऱ्यावर दर क्विंटलमागे दहा सेंटाव्होचा कर बसवला. कंपनीने भरायला नकार दिला. सरकारने कंपनीचा माल जप्त करून लिलाव पुकारला. लिलावाचा दिवस होता १४ फेब्रुवारी १८७९, आणि त्याच दिवशी चिलीचं सैन्य आंतोफागास्तात उतरलं.

दहा सेंटाव्हो हे निमित्त होतं, हे उघड आहे. खाली सोरा होता, त्याच्यावर राहणारी माणसं आणि पैसा चिलीचा होता, आणि बोलिव्हियाचं सरकार हजार किलोमीटरवर डोंगरात बसलेलं होतं. २३ मार्चला कालामा गावाजवळच्या पुलावर एदुआर्दो आबारोआ नावाच्या एका सामान्य नागरिकाने मूठभर लोकांसह चिलीच्या तुकडीला अडवलं. शरण ये म्हटल्यावर त्याने शिवी हासडून ‘शरण तुझी आजी येईल’ असं उत्तर दिलं आणि तो तिथेच पडला. बोलिव्हियातल्या शाळकरी मुलाला ते वाक्य पाठ असतं. पेरू बोलिव्हियाच्या बाजूने युद्धात ओढला गेला आणि त्याचं अतोनात नुकसान झालं. बोलिव्हिया १८८० च्या मे महिन्यातल्या ताक्नाच्या पराभवानंतर मैदानातून निघून गेला. १९०४ मध्ये तह झाला. किनारा कायमचा चिलीचा झाला. बदल्यात चिलीने अरीका ते ला पास रेल्वे बांधून द्यायची आणि बोलिव्हियाच्या मालाला बिनकराची वाट द्यायची ठरलं. ती रेल्वे १९१३ मध्ये सुरू झाली.

पण जखम भरली नाही. २३ मार्च हा तिथे समुद्राचा दिवस म्हणून पाळतात. बोलिव्हियाचं आरमार आजही आहे, तितिकाका सरोवरावर आणि नद्यांवर. देशाच्या बोधचिन्हावर दहा तारे आहेत आणि प्रांत नऊ. दहावा तारा गेलेल्या किनाऱ्याचा. २०१३ मध्ये बोलिव्हिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मागणी एवढीच होती, की समुद्रापर्यंत वाट देण्याबद्दल चिलीने बोलणी करायला बांधील असावं. १ ऑक्टोबर २०१८ रोजी निकाल आला: बारा विरुद्ध तीन मतांनी, चिलीवर असं बंधन नाही. ला पासमध्ये लोक मोठ्या पडद्यांसमोर उभे राहून तो निकाल ऐकत होते.

समुद्र नसण्याची रोजची किंमत काय, हे नेपाळच्या उदाहरणाने आपल्याला पटकन समजेल. नेपाळचा माल कोलकात्याला उतरतो आणि सीमेवर काही बिनसलं की काठमांडूत चुली अडतात. बोलिव्हियाचा कंटेनर अरीकात उतरतो आणि ४,००० मीटरहून उंच घाट चढून ला पासला पोचतो. बंदरात संप झाला, घाटात बर्फ पडला, जकातीवर कागद अडकला, की प्रत्येक दिवसाचा खर्च मालाच्या किमतीत चढतो. सोयाबीनसारखा कमी भावाचा आणि जास्त वजनाचा माल असेल तर नफा या वाटेतच संपतो. म्हणून समुद्राचं दुःख खोटं मुळीच नाही.

दोन कोंडलेल्या देशांचं युद्धही याच मुलखाने पाहिलं. १९३२ ते १९३५ बोलिव्हिया आणि पॅराग्वे चाकोच्या काटेरी रानासाठी लढले. तिथे तेल आहे असा समज होता, शिवाय पॅराग्वे नदीतून अटलांटिकला जायची वाट हवी होती. पठारावरचे केचुआ आणि आयमारा तरुण त्या उष्ण, निर्जळ रानात गोळ्यांपेक्षा तहानेने आणि रोगाने जास्त मेले. दोन्ही बाजू मिळून लाखाच्या आसपास माणसं गेली. बोलिव्हिया हरला. पण एकाच खंदकात बसलेल्या माणसांना पहिल्यांदा कळलं की आपण सगळे एकाच देशाचे आहोत आणि हा देश आपला नाही. १९५२ च्या क्रांतीची ठिणगी तिथली.

तोवर चांदीची जागा कथिलाने घेतली होती. विसाव्या शतकात जगाला डबाबंद अन्न हवं होतं, डब्याला कल्हई हवी होती, कल्हईला कथील. सिमोन पातिन्यो नावाच्या साध्या घरातल्या माणसाला १९०० च्या सुमाराला य्याय्यागुआजवळच्या डोंगरात जगातली एक अत्यंत समृद्ध शीर सापडली, आणि तो जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. पातिन्यो, आरामायो आणि होखशिल्ड ही तीन घराणी देशाचं बहुतेक कथील हाती धरून होती. धातू गाळायची भट्टी मात्र देशात नव्हती. कच्चा माल बोटीने इंग्लंडला जायचा आणि तिथल्या भट्ट्यांत पातिन्योचाच पैसा होता. सरकारी मालकीची मोठी भट्टी बोलिव्हियात सुरू झाली ती १९७१ मध्ये, ओरुरोजवळच्या विंतो इथे.

९ एप्रिल १९५२ ला ला पासमध्ये बंड झालं. खाणकामगार डायनामाइटच्या कांड्या घेऊन रस्त्यावर उतरले, सैन्य तीन दिवसांत हरलं आणि व्हिक्टर पास एस्तेन्सोरो राष्ट्राध्यक्ष झाले. त्या सरकारने जे केलं ते दक्षिण अमेरिकेत फार थोड्यांनी केलं होतं. तोवर लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषांनाच मत होतं. १९५१ मध्ये सुमारे सव्वा लाख मतं पडली होती, १९५६ मध्ये सुमारे साडेनऊ लाख. जमीनदाराच्या घरची बिनपगारी वेठ संपली. १९५३ मध्ये कुळांना जमिनी मिळाल्या. आणि ३१ ऑक्टोबर १९५२ ला तिन्ही घराण्यांच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. कोमिबोल ही सरकारी कंपनी उभी राहिली.

ती चालली नाही, याची कारणं साधी आहेत. चांगला खडक आधीच संपत आला होता, यंत्रं जुनी होती, कथिलाचा भाव लंडनला ठरत होता, आणि खाणीतून आलेला पैसा खाणीत परत न घालता सरकार इतरत्र खर्च करत होतं. मग लष्करी राजवटी आल्या. खाणवस्त्यांवर गोळीबार झाले. १९७७ च्या डिसेंबरात खाणकामगारांच्या चार बायका आपल्या मुलांसह ला पासमध्ये उपोषणाला बसल्या. तुरुंगातल्यांना सोडा, कामावरून काढलेल्यांना परत घ्या, अशा त्यांच्या मागण्या. तीन आठवड्यांत हजाराहून जास्त लोक त्यांच्यासोबत बसले आणि हुगो बांसेरच्या लष्करी सरकारला माघार घ्यावी लागली. बोलिव्हियातली लोकशाही परत आणण्यात या चार बायकांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो ठळकपणे सांगितला जायला हवा.

त्याच लष्करी सरकारांनी सत्तरच्या दशकात परदेशी बँकांकडून वारेमाप कर्ज घेतलं होतं. ऐंशीच्या दशकात जगात व्याजदर चढले, नवं कर्ज मिळेना, जुन्याचे हप्ते थांबेनात. लोकशाही सरकारने पगार द्यायला नोटा छापल्या. इथे एक फास असतो, तो समजून घेऊ. सरकार कर आज आकारतं आणि तो हाती येतो काही महिन्यांनी. भाव दर महिन्याला दुप्पट होत असतील, तर हाती येईतोवर त्या कराचं मोल कवडी होतं. मग आणखी नोटा, मग आणखी महागाई. १९८४ च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षभरात भाव २०,००० टक्क्यांच्या आसपास वाढले. नोटा परदेशात छापून विमानाने आणाव्या लागत. बाजारात जाताना लोक नोटांची बंडलं पोत्यात भरून नेत, आणि दुकानदार ती सुटी न मोजता गठ्ठ्यांनीच घेत. पगार हाती पडला की सकाळीच तांदूळ, साखर, काहीही घ्यायचं, कारण संध्याकाळी ते परवडणार नसे.

ऑगस्ट १९८५ मध्ये सत्तेवर आले ते पुन्हा व्हिक्टर पास एस्तेन्सोरोच, वय ७७. महिना संपायच्या आत त्यांनी २१०६० क्रमांकाचा फर्मानवजा आदेश काढला: सरकारी खर्चाला कात्री, भाव मोकळे, डॉलरचा दर मोकळा. महागाई काही आठवड्यांत थांबली. त्याच ऑक्टोबरात लंडनच्या बाजारात कथिलाचा भाव सावरून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेकडचे पैसे संपले आणि भाव कोसळला. कोमिबोलच्या तीसेक हजार कामगारांपैकी वीस हजारांहून जास्त जणांना घरी पाठवलं गेलं. खाणी राष्ट्राच्या केल्या तो माणूस आणि खाणी बंद केल्या तो माणूस एकच. अर्थशास्त्रज्ञ या घटनेकडे महागाई रोखल्याचा नमुना म्हणून बघतात, आणि ते खरं आहे. पण रोखण्याचा भार कुणाच्या डोक्यावर पडला, हेही त्याच पानावर लिहायला हवं. खाणवस्त्या ओस पडल्या. काही कुटुंबं ला पासच्या वरच्या माळावर एल आल्तोला गेली, काही सखल चापारे भागात कोका, म्हणजे तिथली चघळायची पानं, पिकवायला.

आणि गंमत नाही, पण पुढचं राजकारण नेमकं याच दोन ठिकाणांहून घडलं. खाणकामगार जिथे जातात तिथे संघटना घेऊन जातात. १९९० च्या दशकात दक्षिणेत नैसर्गिक वायूचे मोठे साठे मिळाले. २००३ मध्ये तो वायू चिलीच्या बंदरातून बाहेर विकायची योजना आली तेव्हा एल आल्तो पेटून उठलं. चांदी गेली, सोरा गेला, कथील गेलं, आता वायू, तोही ज्याने समुद्र घेतला त्याच्याच दारातून! साठहून जास्त माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. २००५ च्या अखेरीस चापारेतल्या कोका शेतकऱ्यांचे पुढारी, आयमारा घरातले इव्हो मोरालेस निवडून आले.

१ मे २००६ ला मोरालेस यांनी वायूचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कंपन्या हाकलल्या नाहीत, पण सरकारचा वाटा खूप वाढवला. नेमके त्याच वेळी जगात वायूचे भाव चढले. पुढची आठ-नऊ वर्षं बोलिव्हियाने कधी न पाहिलेली होती. दरवर्षी चार-पाच टक्के वाढ, शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना रोख मदत, गरिबीचं प्रमाण साठ टक्क्यांच्या घरातून चाळिशीच्या खाली. २०१४ मध्ये ला पास ते एल आल्तो केबल कार सुरू झाली, आणि ज्या बाईला घाट उतरून कामाला जायला तास लागायचा ती डोक्यावरची गोल हॅट सांभाळत दहा मिनिटांत खाली येऊ लागली. नव्या घटनेने स्पॅनिशबरोबर ३६ देशी भाषांना अधिकृत मानलं. शतकानुशतकं ज्यांना चौकात फिरायला बंदी होती त्यांची माणसं मंत्री झाली. हे सगळं खरं घडलं आणि ते मोलाचं आहे.

मग बिघडलं कुठे? पुन्हा त्याच साच्यात. वायूचे डॉलर येत होते तेव्हा सरकारने दोन गोष्टी घट्ट धरून ठेवल्या. एक, डॉलरचा दर: २०११ च्या अखेरीपासून ६.९६ बोलिव्हियानो, हलायचाच नाही. दोन, पेट्रोलचा दर: लिटरला ३.७४ बोलिव्हियानो, तोही हलायचा नाही. २०१० च्या डिसेंबरात सरकारने इंधनाचे भाव एकदम वाढवून पाहिले होते. लोक रस्त्यावर आले आणि आठवड्याच्या आत आदेश मागे घ्यावा लागला. त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. दरम्यान नव्या विहिरी खोदण्याकडे दुर्लक्ष झालं. सरकारचा वाटा जास्त, जोखीम कंपनीची, म्हणून कंपन्या असलेला वायू उपसत राहिल्या. २०१४ नंतर उत्पादन उतरत गेलं आणि दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास आलं.

आता साखळी बघा. वायू कमी, म्हणून डॉलर कमी. पेट्रोल-डिझेल मात्र बाहेरून डॉलर मोजून आणायचं आणि देशात तोट्यात विकायचं. स्वस्त डिझेल सीमेपलीकडे चोरून जायचं, म्हणजे त्या तोट्यात शेजाऱ्यांच्याही गाड्या चालायच्या. २०१४ मध्ये १५ अब्ज डॉलरच्या वर असलेली गंगाजळी आटत गेली. २०२३ मध्ये ला पासच्या मध्यवर्ती बँकेबाहेर डॉलरसाठी रांगा लागल्या. नंतर पंपांवर ट्रकच्या रांगा, ड्रायव्हर दोन-दोन रात्री केबिनमध्ये झोपलेले. खुल्या बाजारात डॉलर सरकारी दराच्या दुपटीवर गेला. तिथे दहातल्या आठ जणांचं पोट असंघटित कामावर, हातगाडीवर, छोट्या दुकानावर चालतं. त्यांना महागाई भत्ता कोण देणार? २०२५ च्या निवडणुकीत मोरालेस यांच्या पक्षाचं, मधलं एक वर्ष सोडता, जवळपास वीस वर्षांचं राज्य संपलं. रोद्रिगो पास निवडून आले, त्याच पास एस्तेन्सोरोंच्या नात्यातले, आणि त्यांच्यापुढे १९८५ ची आठवण यावी असाच हिशोब मांडलेला आहे.

आता सगळे बोट दाखवतात ते सालार दे उयुनीकडे, दहा हजार चौरस किलोमीटरच्या मिठागराकडे. त्या मिठाखालच्या पाण्यात जगातल्या सर्वांत मोठ्या लिथियम साठ्यांपैकी एक आहे. पण त्या पाण्यात मॅग्नेशियम जास्त, पावसाळ्यात पाणी साचतं, त्यामुळे चिली-अर्जेंटिनासारखं उन्हात आटवून लिथियम काढणं तिथे अवघड जातं. सरकारी कारखाना २०२३ च्या अखेरीस सुरू झाला, तरी उत्पादन अजून किरकोळ आहे. तोवर डॉलर आणतंय ते सोनं, आणि त्याचा एक मोठा गिऱ्हाईक आपला भारत. हे सोनं बऱ्याच अंशी ॲमेझॉनच्या नद्यांच्या गाळातून, पारा वापरून काढलं जातं. पारा माशांत उतरतो आणि माशांतून नदीकाठच्या आदिवासींच्या रक्तात. पूर्वेला सोयाबीन आणि गुरांसाठी जंगल जाळलं जातं. एकट्या २०२४ मध्ये एक कोटी हेक्टरच्या आसपास जमीन आगीत गेली. अक्षय्य तृतीयेला आपण सराफाच्या पेढीवर उभे असतो तेव्हा त्या नदीची आठवण आपल्याला यावी, असं मला मनापासून वाटतं.

पोतोसीचा डोंगर अजून उभा आहे, बोधचिन्हावर दहा ताऱ्यांच्या सोबतीने आणि प्रत्यक्षातही. पण पाच शतकांच्या बोगद्यांनी तो आतून पोखरलाय. माथ्यावर जमीन खचून मोठा खड्डा पडला, तो हलक्या सिमेंटने भरायचा प्रयत्न झाला, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसीला धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं. खाली सहकारी गटांचे कामगार अजून रोज आत जातात, मुख्यतः जस्त आणि कथील काढायला. बोगद्याच्या तोंडाशी शिंगवाल्या एल तीओची, कामगार ज्याला खाणीचा धनी मानतात त्याची, मातीची मूर्ती असते. आत जाणारा माणूस गालात कोकाची पानं भरतो, थोडी मूर्तीच्या पायाशी ठेवतो, एक सिगारेट पेटवून तिच्या तोंडात देतो, आणि दिवा लावून अंधारात उतरतो.